सोळाशेचा राजा चोविसशेला का थकतो? इंडियन डर्बीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात इंडियन २००० गिनीज (१६०० मीटर, म्हणजे साधारण एक मैल) आरामात जिंकणारा घोडा फेब्रुवारीत इंडियन डर्बीत (२४०० मीटर, दीड मैल) शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागे पडतो, असं वारंवार दिसतं. घोडा तोच, बहुतेक वेळा जॉकीही तोच, मैदान मुंबईच्या महालक्ष्मीचंच. मग दोन महिन्यांत बिघडतं काय? आणि घोडा खरंच चांगला असेल तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा डर्बीत का उतरवत नाहीत? तुम्ही यंदा पहिल्यांदा मैदानावर जाणार आहात, म्हणून पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी) काय बघायचं तेही विचारलंय. टिप नकोय, समजून घ्यायचंय, असं स्वच्छ लिहिलंत, म्हणून सवडीनं उत्तर देतो.

आधी सोपा भाग. पुढच्या वर्षी तो घोडा डर्बीत उतरू शकत नाही, कारण इंडियन डर्बी फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. शर्यतीच्या घोड्याचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला धरतात. शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेलं असो की एप्रिलअखेर, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचं झालं. म्हणून डिसेंबरच्या गिनीजला हे घोडे तीन वर्षांचे असतात, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी येते तेव्हा चार वर्षांचे. पुढच्या फेब्रुवारीत ते पाच वर्षांचे झालेले असतात, आणि दार कायमचं बंद. घोडा आजारी पडला, पायात खडा रुतला, दोन दिवस चंदी (घोड्याचा खुराक) खाल्ली नाही, तरी तारीख पुढे सरकत नाही. प्रत्येक घोड्याला आयुष्यात एकच इंडियन डर्बी मिळते, आणि बाकीचं सगळं उत्तर ह्याच अटीभोवती फिरतं.

ही अट का आली ते कळायला इंग्लंडात एप्समला जावं लागतं. १७७९ मध्ये डर्बीच्या बाराव्या अर्लनं (अर्ल म्हणजे तिथला सरदार) आणि त्याच्या मित्रमंडळींनी तीन वर्षांच्या माद्यांची शर्यत सुरू केली. अर्लच्या तिथल्या घराचं नाव 'ओक्स', तेच शर्यतीला दिलं. ती इतकी रंगली की पुढच्या वर्षी नर-मादी दोघांसाठी आणखी एक शर्यत ठरली. तिला नाव अर्लचं द्यायचं की शर्यतींतलं तेव्हाचं बडं प्रस्थ सर चार्ल्स बनबरी यांचं, हे नाणं उडवून ठरलं, अशी आख्यायिका आहे. नाव डर्बीचं लागलं, पण ४ मे १७८० रोजी पहिली शर्यत जिंकली ती बनबरींच्या डायोमेड या घोड्यानं. अर्लना स्वतःच्या नावाची शर्यत जिंकायला १७८७ पर्यंत थांबावं लागलं.

पहिली चार वर्षं डर्बी एक मैलाचीच होती, म्हणजे जवळपास आजच्या गिनीजएवढी. १७८४ मध्ये ती दीड मैलाची केली, आणि डर्बीला आजचं रूप आलं ते तेव्हा. त्याआधीच्या काळात मोठे घोडे पाच-सहा वर्षांचे झाल्यावर चार-चार मैल पळत, तेही एकाच दिवसात दोन-तीन फेऱ्या. दीड मैल ही मधली जागा होती. नुसत्या वेगानं ती जिंकता येत नाही आणि नुसत्या दमानंही नाही. कोवळ्या वयात, एकदाच, ज्याच्यात दोन्ही आहे तो ओळखायचा आणि पुढची पिढी त्याच्यापासून काढायची, असा हा हिशेब. डर्बी ही पैदाशीसाठीची निवड आहे. म्हणूनच एप्समला खच्ची केलेल्या घोड्याला आजही प्रवेश नाही. ज्याची पुढे पैदास होणार नाही त्याला निवडून काय करणार?

वयाची अट किती गंभीरपणे घेतात त्याचं जुनं उदाहरण १८४४ चं आहे. त्या वर्षी 'रनिंग रेन' नावाचा घोडा पहिला आला. तो प्रत्यक्षात मॅकॅबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता, म्हणजे तीन वर्षांच्या पोरांत एक वर्षानं मोठा. प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी घोडाच हजर करा म्हटलं, घोडा काही सापडला नाही, आणि शर्यत दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला दिली. त्या काळी वय ओळखायची खूण म्हणजे दात. तबेल्यातल्या जाणत्या माणसाला आजही ते वाचता येतात: पुढचे मधले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. म्हणजे डर्बीच्या दिवशी आपल्याकडच्या घोड्याच्या कोपऱ्यात अजून दुधाचे दात असायला हवेत. आता मायक्रोचिप आणि आईबापांची डीएनए तपासणी असते, आणि त्याची नोंदवही ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया आपल्या पुण्यातच आहे.

एप्समला तीन वर्षांची पोरं आणि मुंबईत चार वर्षांची, हा फरक खटकला असेल. कारण हवामानाचं आहे. एप्समची डर्बी जूनच्या सुरुवातीला असते. आपल्याकडे जूनमध्ये महालक्ष्मीला तळं साचतं. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात घोडे पुण्याला. त्यामुळे ही पिढी निवडायची सोयीची वेळ पुढच्या फेब्रुवारीवर आली. आकडा एकनं वाढलेला दिसतो, पण प्रत्यक्षात आपले घोडे एप्समच्या घोड्यांपेक्षा आठच महिन्यांनी मोठे असतात. घोड्याच्या वाढीत मात्र आठ महिने कमी नाहीत. एप्रिलअखेर जन्मलेलं शिंगरू जानेवारीत जन्मलेल्याच्या पुढ्यात तीन वर्षांच्या वयात पोरकट दिसतं. चारला तो फरक बराच भरून निघतो.

इंडियन डर्बी पहिल्यांदा धावली १९४३ मध्ये, महालक्ष्मीला. मैदान त्याच्या कितीतरी आधीचं, १८८३ चं. त्यापूर्वी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. पहिली डर्बी जिंकली एका मादीनं. तिचं नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. या गायकवाडांचाच एक घोडा तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर देतो, पण त्याच्याकडे जरा वेळानं येतो. त्याआधी वजन आणि अंतर समजून घेऊ, नाहीतर ते उदाहरण नुसती गोष्ट वाटेल.

रविवारच्या कार्डावर (शर्यतींच्या यादीत) तुम्हाला बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या दिसतील. त्यात हँडिकॅपर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतो आणि सुमार घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे जवळपास एकदम यावेत. डर्बीत तसं नसतं. सगळे नर सारख्याच वजनानं पळतात, ५७ किलो. माद्यांना दीड किलोची सवलत, म्हणजे ५५.५. हे वजन जॉकी, खोगीर आणि गरज पडली तर खोगिरात घालायच्या शिशाच्या पट्ट्या मिळून. कमी वजनाच्या मेहेरबानीवर डर्बी जिंकता येत नाही, म्हणून तिच्या निकालाला पैदाशीत किंमत. सवलत मात्र कामाची आहे. २०१० ची डर्बी जॅकलीन या मादीनं जिंकली, त्यामुळे कार्डावर मादी दिसली की तिला उगाच बाजूला सारू नका.

आता अंतर. हिशेब सोपा आहे. चांगला घोडा १६०० मीटर सुमारे १ मिनिट ३७ सेकंदांत काढतो. म्हणजे दर दोनशे मीटरला, तबेल्याच्या भाषेत दर फर्लांगला, साधारण १२.१ सेकंद. डर्बीचे २४०० मीटर सुमारे अडीच मिनिटांत होतात, म्हणजे फर्लांगला १२.५. फरक फक्त ०.४ सेकंदाचा. कागदावर क्षुल्लक वाटतो. पण घोडा सेकंदाला सोळा मीटर कापत असतो. गिनीजच्या वेगानं एखादा घोडा डर्बीतले पहिले १६०० मीटर पळाला तर तो तिथे तीन सेकंद लवकर पोचेल, म्हणजे पन्नासेक मीटर, वीस लांब्या पुढे (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर). आणि त्याच्यासमोर अजून आठशे मीटर उरलेले असतील. तिथून तो ज्या वेगानं गळतो तो पाहवत नाही.

गळतो का? घोड्याचं हृदय विश्रांतीला मिनिटाला ३० ते ४० ठोके मारतं, भरधाव पळताना २२० ते २४०. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी पळायला लागताच रक्तात उतरतात, ही निसर्गानं घोड्याला दिलेली मोठी देणगी. चौखूर धावताना त्याचा श्वास टापांना बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. साडेसहा मीटरची ढांग धरली तर २४०० मीटरला ३७० च्या आसपास ढांगा आणि तितकेच श्वास. ज्या वेगाला श्वासातून येणारा प्राणवायू पुरतो, त्या वेगात तो बराच वेळ पळू शकतो. त्याच्या वर गेला की स्नायू उधारीवर चालतात. उधारी सगळेच घोडे करतात; प्रश्न ती कुठे सुरू करायची हा असतो. गिनीजमध्ये हजार मीटरनंतर उधारी सुरू केली तरी चालून जातं, कारण सहाशेच मीटर उरलेले असतात. डर्बीत हजार मीटरला उधारी सुरू केली की घोडा गेलाच.

कोणत्या घोड्याला किती दम, हे बरंचसं जन्मजात असतं. बाप आणि आईचा बाप कोणत्या अंतराचे होते, हे पूर्वीपासून बघत आलेत. २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाशी त्याचा संबंध दाखवला. या जनुकाचे सी आणि टी असे दोन प्रकार; सी-सी जोडी असलेले घोडे बहुधा कमी अंतराचे, दांडगे, लवकर तयार होणारे, टी-टी असलेले लांबचे आणि उशिरा उमलणारे, सी-टी मधले. हे नशिबाचं पान नाही, कल सांगणारं आहे. तरी एक गोष्ट त्यानं पक्की होते: गिनीजला चमकणाऱ्या काही घोड्यांचं शरीरच मुळात मैलाचं असतं. कितीही तालीम द्या, ते दीड मैलाचं होत नाही.

आता गायकवाडांचा घोडा. १९४७ साल, इंग्लंड. न्यूमार्केटच्या एक मैलाच्या २००० गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांब्यांनी जिंकला. तिसरा आला तो बडोद्याच्या महाराजांचा सयाजीराव, वर्षभराचं शिंगरू असताना २८,००० गिनींना (गिनी हे जुनं इंग्लिश चलन) घेतलेला. एप्समला ट्यूडर मिन्स्ट्रेल जबरदस्त फेव्हरिट, पाठीवर गॉर्डन रिचर्ड्ससारखा जॉकी. घोड्यानं सुरुवातीपासून लगामाशी झुंज मांडली, पुढे जायला ओढ घेत राहिला, रिचर्ड्स त्याला आवरत राहिले. तो चौथा आला. सयाजीराव पुन्हा तिसरा. सप्टेंबरात डॉन्कास्टरला २९०० मीटरच्या आसपासची सेंट लेजर झाली, आणि ती सयाजीरावनं जिंकली, पाठीवर तोच एडगर ब्रिट. एकाच वर्षात, एकाच पिढीत: मैलाला एक घोडा आठ लांब्यांनी राजा, आणि अंतर वाढत गेलं तसा दुसरा वर आला. ट्यूडर मिन्स्ट्रेल बिघडला नव्हता. त्याला वेगळा प्रश्न विचारला गेला होता.

पण प्रत्येक हरलेल्या गिनीज विजेत्यावर 'दम नाही' असा शिक्का मारू नका. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. १९३४ मध्ये न हरलेला कोलंबो गिनीज जिंकून एप्समला आला आणि तिसरा आला. जिंकला विंडसर लॅड, राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांचा. कोलंबो आतल्या कठड्याला एका थकत चाललेल्या घोड्यामागे अडकला होता, बाहेर निघेपर्यंत उशीर झाला. दम नव्हता की वाट नव्हती, हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. १९८६ मध्ये डान्सिंग ब्रेव्ह गिनीज जिंकून आला, जॉकीनं त्याला फार मागे ठेवला, शेवटी वाऱ्यासारखा सुटला आणि अर्ध्या लांबीनं हरला. त्याच वर्षी त्यानं पॅरिसला तितक्याच अंतराची 'आर्क' ही मोठी शर्यत जिंकली, त्यामुळे दमाचा प्रश्न निकालात निघाला. आणि १९७० मध्ये निजिन्स्की या घोड्यानं गिनीज, डर्बी, लेजर तिन्ही जिंकल्या.

तेव्हा तुम्ही बघितलेल्या शर्यतीचा व्हिडिओ पुन्हा लावा आणि तीन जागा बघा. पहिल्या चारशे मीटरमध्ये घोड्याचं तोंड उघडं आहे का, मान वर ताणलेली आहे का, जॉकी मागे रेललाय का? तसं असेल तर घोडा ओढ घेत होता, म्हणजे शक्ती तिथेच सांडली. मग वळणावर त्याच्या पुढे आणि बाजूला कोण आहे ते बघा. वाट मिळाली नसेल तर ते तिथे दिसतं, आणि जॉकी एकदा तरी लगाम ओढून थांबलेला दिसतो. शेवटी सरळ पट्टीत: मोकळी वाट आहे, घोडा पुढेही आला, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ढांग आखूड होत गेली, शेपटी फिरायला लागली, घोडा बाजूला झुकायला लागला, तर तो दमाचा प्रश्न. पहिल्या कारणावर तालमीनं थोडा उपाय होतो. दुसऱ्यावर नशिबानं. तिसऱ्यावर काहीच नाही. तो घोडा पुन्हा मैलाला आणावा आणि त्याचा मान ठेवावा.

इथपर्यंतचं एका वाक्यात: डर्बी एकदाच, सारख्या वजनानं आणि मैलाच्या दीडपट अंतरावर होते, म्हणून गिनीजचा निकाल तिथे अर्धाच उपयोगी पडतो.

उरलेला अर्धा तबेल्यात घडतो. गिनीज ते डर्बी साधारण सात-आठ आठवडे. घोड्याला या काळात वेगवान करायचं नसतं, वेग आधीच आहे. त्याला ओढ न घेता शांतपणे मागे बसायला शिकवायचं असतं. म्हणून पहाटेच्या कामात त्याला दुसऱ्या घोड्याच्या मागे ठेवतात, तोंडावर माती उडू देतात, आणि शेवटच्या चारशे मीटरलाच पुढे काढतात. आठवड्यातून दोनदा जोराचं काम, बाकी दिवस चालवणं, दुडकी, हलका कँटर (सावकाश धाव). शेवटचं मोठं काम शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर चार दिवस आधी छोटंसं, छाती मोकळी करण्यापुरतं. इथेच बहुतेक चुका होतात. दमाची काळजी वाटते म्हणून शेवटच्या आठवड्यात आणखी एक लांब काम दिलं जातं, आणि घोडा आपली डर्बी गुरुवारी सकाळी रिकाम्या मैदानात पळून मोकळा होतो.

हे कळायला यंत्र लागत नाही. सकाळी गव्हाणीत चंदी उरलीय का ते बघायचं. शर्यतीच्या तयारीतला साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला पाच-सहा किलो ओट्स आणि वर वाळलेलं गवत, लसूणघास, कोंडा, गाजर असं मिळून दहा-बारा किलो खातो, तीन-चार वेळांत विभागून. पाणी तीस ते पन्नास लिटर, मुंबईच्या दमट हवेत जास्तच. चांगला खाणारा घोडा जोराच्या कामानंतर दोन वेळची चंदी सोडत असेल तर काम जास्त झालं. मग पायांवरून हात फिरवायचा, गुडघ्याखाली मागच्या बाजूच्या शिरेवर (टेंडनवर). दोन्ही पाय सारखे थंड हवेत. एका जागी जरा ऊब लागली तरी तो इशारा असतो. ताप रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा, ३७.५ ते ३८.५ च्या मध्ये असावा. खरारा करताना सईसाला (घोड्याची रोजची देखभाल करणाऱ्याला) जे कळतं ते ट्रेनरला दुर्बिणीतून कळत नाही, आणि जो ट्रेनर सईसाला रोज विचारतो त्याचे घोडे जास्त टिकतात, असं माझं ठाम मत आहे.

बाहेरगावच्या घोड्यांचं आणखी वेगळं. बंगळूर-हैदराबादचे घोडे रस्त्यानं येतात; बंगळूरहून म्हणाल तर हजारेक किलोमीटर. गाडीत डोकं वर बांधलेलं असतं. घोड्याच्या श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडायला त्याला मान खाली घालावी लागते. तासन्‌तास ती वरच राहिली तर धूळ, जंतू खाली छातीत उतरतात आणि पोचल्यावर दोन-तीन दिवसांत ताप येतो. म्हणून वाटेत दर चार-पाच तासांनी थांबून, दोरी सैल करून, खाली गवत-पाणी द्यायचं, आणि शर्यतीच्या पुरेसं आधी घोडा मुंबईत आणायचा, म्हणजे ताप यायचाच असेल तर येऊन जाईल आणि हवेची सवयही होईल. आदल्या दिवशी आणलेला घोडा डर्बीत कितीही चांगला दिसला तरी त्याची मला धास्तीच वाटते.

माद्यांबद्दल एक बारीक गोष्ट. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागतो, आणि त्यासोबत माद्या माजावर यायला लागतात. सुरुवातीला हे चक्र अनियमित असतं. काहींना त्याचा काहीच फरक पडत नाही, काही मात्र त्या आठवड्यात चिडचिड्या होतात, खोगीर बांधू देत नाहीत, पाठ वाकवतात. डिसेंबरात शहाण्यासारखी वागलेली मादी फेब्रुवारीत पॅडॉकमध्ये शेपटी आपटताना दिसली, तर तेही लक्षात घ्या.

आता रविवारी मैदानावर. डर्बी संध्याकाळकडे असते, पण लवकर जा आणि आधीच्या एक-दोन शर्यती पॅडॉकपाशीच उभे राहून बघा, म्हणजे डोळा बसेल. घोडा चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतोय का ते बघा. मोकळ्या, सैल चालीचं ते लक्षण. अंगावर चकाकी, शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची पुसट रेघ आणि मागच्या मांडीवर स्पष्ट खळी, हे तयारीचं. घामाचं मात्र मुंबईत जपून. त्या हवेत मानेवर थोडा घाम प्रत्येकालाच येतो, त्यात काही नाही. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला, डोळ्याचं पांढरं दिसतंय, दोन माणसांना धरावं लागतंय, तर तो घोडा शर्यत तिथेच पळतोय. सोळाशेला असा घोडाही जिंकून जातो. चोविसशेला त्याला हे परवडत नाही. तुमच्या गिनीज विजेत्याला बघायची खरी जागा हीच: डिसेंबरात तो जितका शांत होता तितकाच आज आहे का?

गेटमधून सुटल्यावर पहिली चारशे मीटर सगळ्यात पुढच्या घोड्याकडे बघू नका, तुमच्या घोड्याच्या मानेकडे बघा. मान सैल, कान पुढे-मागे हलतायत, जॉकीचे हात शांत, म्हणजे तो श्वास घेतोय. पुढे कोण आहे ते नंतर बघता येतं. पहिले आठशे मीटर फार संथ गेले तर डर्बी शेवटच्या सहाशे मीटरची स्प्रिंट होऊन बसते, आणि मग मैलाचा घोडाही जिंकू शकतो. फार जोरात गेले तर मागून येणाऱ्या लांबच्या घोड्याचा दिवस. म्हणून मोठ्या तबेल्यांचे कधीकधी दोन घोडे असतात, त्यातला एक मुख्यत्वे वेग ठरवण्यासाठी.

शर्यत संपल्यावर घाईनं निघू नका. पहिले आलेले जॉकी खोगीर घेऊन थेट वजनकाट्यावर जातात. जितक्या वजनानं निघाले तितकंच परत भरलं पाहिजे. ते होऊन हरकत नाही असं जाहीर झालं की निकाल पक्का. मग आपल्याकडची रीत: मालक मैदानात उतरून, स्वतः लगाम धरून घोड्याला विजेत्याच्या कुंपणात आणतो. मागे घरचे, मित्र, ट्रेनर, आणि घोड्याच्या डोक्यापाशी त्याचा सईस. रोज पहाटे त्या घोड्याच्या पायांवरून हात फिरवणारा माणूस त्या चालण्यात कुठे आहे, तेवढं नक्की बघा.

आणि तुमचा घोडा हरला असेल तर त्याच्याकडेही दहा मिनिटं बघा. दम संपून हरलेला घोडा मान खाली टाकून, नाकपुड्या फाकवून उभा राहतो, बराच वेळ त्याच्या कुशी भात्यासारख्या चालतात. वाट न मिळाल्यानं हरलेला घोडा पाच-सात मिनिटांत श्वास आवरतो आणि इकडेतिकडे बघायला लागतो. पहिला असेल तर त्याला लांबच्या शर्यतींतून काढून मैलाला परत आणलेलं बरं. दुसरा असेल तर पावसाळ्यात पुण्याला इंडियन सेंट लेजर असते, २८०० मीटरची, तिथे त्याच्याकडे लक्ष ठेवा. तुमच्याकडे त्या डर्बीचे दर दोनशे मीटरचे टायमिंग असतील तर लिहून पाठवा, त्यावरून दोन्हीपैकी काय झालं ते बरंचसं सांगता येईल.